छप्पर उडालं म्हणजे कारखाना संपला का?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन कारखान्यांचे फोटो बघत होतो, पत्रे गेलेले, गर्डर लोंबतायत, आणि खाली लिहिलंय की थोड्याच आठवड्यांत काम परत सुरू. माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, मला काही हे पटेना. फोटो खोटे की माहिती? – एक वाचक, भोसरी

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं हो. तुमच्याच शेडचे पत्रे उडाले असं धरा, लेथचं काय होईल? ओतीव लोखंडाचा बेड (मशीनचा खालचा जड पाया), बोल्टांनी जमिनीत जखडलेला, मलबा उपसला, पुसून ऑइल मारलं, वायरिंग नवीन टाकलं की बऱ्याचदा चालू. आग लागली तर मात्र अवघड, बेड तापून वाकला की अचूकपणा गेलाच.

जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट शहराचंच बघा ना, जर्मनीची जवळपास निम्मी बॉल बेअरिंग तिथे बनायची म्हणून १४ ऑक्टोबर १९४३ ला अमेरिकेची २९१ बी-१७ बॉम्बफेकी विमानं तिकडे गेली आणि ६० पडली, एवढी किंमत मोजून वरून बघितलं तर कारखाने उद्ध्वस्त. युद्धानंतर अमेरिकन पाहणी पथकाला कळलं की इमारतींच्या मानाने मशीन्सचं नुकसान बरंच कमी होतं. आता विमानातून सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याला छप्परच दिसणार, त्याचा काय दोष!

इंग्लंडमध्ये मेडमनहॅमला हे फोटो तपासणारी मंडळी बसायची, एकाच जागेचे लागोपाठचे दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली (दोन डोळ्यांनी दोन फोटो एकत्र बघायची दुर्बिणीसारखी भिंगं) धरले की इमारतींना उंची यायची. पण चालू-बंद ओळखायला खरी कामाची खूण म्हणजे चिमणीचा धूर, कारखान्याच्या रेल्वे सायडिंगला लागलेल्या वॅगनी, कोळशाचा ढीग आधीपेक्षा कमी झालाय का, असलं काहीतरी.

अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट तर युद्धाआधी क्लीव्हलँडच्या पोलाद कारखान्यात फोटो काढून नावारूपाला आलेली (चरख्याजवळच्या गांधीजींचा तो प्रसिद्ध फोटो हिचाच), तिने १९४५ मध्ये विमानातून जर्मनीची उद्ध्वस्त शहरं टिपली. फोटो जबरदस्त आहेत, पण नुसत्या सांगाड्यातून ऊन खाली आलं की कुठलाही कारखाना देखणा दिसतो आणि आपण तेवढंच बघत बसतो, असं माझं आपलं मत.

तेव्हा आधी तारीख बघा. तुमचे फोटो १९४५ चे असतील तर हिशोबच वेगळा, जर्मनीतल्या एसेन शहरावर ११ मार्च १९४५ ला एका दिवसात १,०७९ विमानं आली होती आणि तिथले क्रुप या पोलाद आणि तोफा बनवणाऱ्या कंपनीचे कारखाने त्याआधीही कितीदा झोडपले गेलेले, तिथे नुसतं पुसून ऑइल मारून भागणार नव्हतं.