शाश्वत पर्यटनाने स्वतःलाही बरं वाटतं, की ते फक्त निसर्गासाठी?

बरं वाटतं. नाशिककराला हे कळायला दोन रविवार पुरतात.

माझा पहिला पावसाळ्यातल्या हरिहर किल्ल्याचा. त्या उभ्या कातळपायऱ्यांवर खोबणीत बोटं रुतवून अर्धा तास एकाच जागी उभा. वर कोणाचा तरी स्पीकर, खाली शिट्ट्या, कपारीत वेफर्सची पाकिटं. घरी आलो तो वैतागूनच.

दुसरा डिसेंबरातल्या नांदूरमध्यमेश्वरचा. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. गावातलाच एक पोरगा गाईड म्हणून घेतला. त्याने आधी मोबाईल सायलेंट करायला लावला, मग दुर्बीण दिली. एक जांभळी पाणकोंबडी लांबलचक बोटं जपून टाकत पाणवनस्पतींवरून चालली होती. पाऊण तास कोणी बोललं नाही. आठवडाभराचं ऑफिस डोक्यातून कधी उतरलं कळलंच नाही.

गोम इथेच आहे. गोंगाट, घाई, कचरा यांनी पक्षी उडतात आणि आपणही थकतो. शिवाय गाईडचे पैसे गावातच राहिले, म्हणून पुढच्या वेळी त्याने आपणहून ओळख दिली. त्याचंही एक सुख असतं.

मात्र ‘इको’ पाटीला भुलू नका. टँकरच्या पाण्यावर स्विमिंग पूल भरणाऱ्या रिसॉर्टांचीही तीच पाटी असते. आणि अंजनेरीच्या डोंगरावर गेलात तर मळलेली वाट सोडू नका. तिथल्या पठारावर कंदीलपुष्पाची एक फार दुर्मीळ जात उगवते, आणि फुलं नसताना ती साध्या गवतातून ओळखूही येत नाही.