पेट्या बदलल्या, बुडावरचा शिक्का तसाच राहिला

तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारलेत. मायामीतल्या विशी-पंचविशीच्या पोरांना अमेरिकन लष्कराने २९ कोटी ८० लाख डॉलरचं कंत्राट दिलंच कसं? काडतुसं उडत होती, तर फसवणूक कसली? आणि एवढ्या मोठ्या प्रकरणात शिक्षा चारच वर्षं का? मी मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझी बत्तीस वर्षं खानदेशातल्या एका आयुध निर्माणीत काडतुसांच्या तपासणीवर गेली, आणि या प्रकरणातली जी गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही, ती त्या मधल्या प्रश्नातच आहे.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकन लष्कराने एईवाय नावाच्या कंपनीला अफगाण सैन्य आणि पोलिसांना दारूगोळा पुरवण्याचं काम दिलं. तेव्हाच्या भावाने साधारण १३०० कोटी रुपयांचं. कंपनीचा मालक इफ्राइम डिव्हेरोली तेव्हा २१ वर्षांचा होता. त्याचा साथीदार डेव्हिड पॅकूझ पंचविशीतला, परवानाधारक मसाज करणारा. दोघांचा तिसरा मित्र अॅलेक्स पॉड्रिझ्की याला माल पाहायला अल्बानियात पाठवलं. एके-४७ ची काडतुसं तिथल्या सरकारी गोदामांतून घेतली गेली. ती निघाली चिनी. आणि चिनी लष्करी कंपन्यांचा माल घ्यायचा नाही, हे कंत्राटात स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता 'उडत होती' याबद्दल. काडतुसाला पुंगळी असते, तिच्या बुडाला टोपी, पोटात दारू आणि तोंडाला गोळी. दारू वर्षानुवर्षं अगदी हळूहळू आतून बिघडत असते. हा बिघाड रोखायला तिच्यात मुद्दाम एक रसायन घातलेलं असतं, पण तेही झिजत जातं. ओल आणि उष्णता लागली की हे सगळं वेगाने होतं. पण काडतूस कोरडं आणि हवाबंद राहिलं तर चाळीस वर्षांनीही ठणठणीत उडतं. तेव्हा माल १९६६ सालचा होता एवढ्यावरून तो टाकाऊ ठरत नाही.

म्हणूनच पॅकिंग हा अर्धा माल असतो. चिनी काय किंवा रशियन काय, ही काडतुसं लाकडी पेटीत येतात आणि पेटीच्या आत डाग देऊन हवाबंद केलेले पत्र्याचे डबे असतात. तेलाचा डबा एकदा फोडला की जसा पुन्हा बंद होत नाही, तसंच याचंही. पेटीवर आणि डब्यावर लॉट नंबर असतो. आमच्या कामाचा सगळा डोलारा त्या नंबरावर. एक लॉट म्हणजे एकाच दारूचा, एकाच खेपेला भरलेला माल. त्यातले नमुने काढायचे, प्रूफ रेंजवर, म्हणजे चाचणीच्या मैदानावर, उडवायचे, आणि नमुना पास तर लॉट पास, नापास तर सगळा लॉट बाजूला. सुट्या काडतुसावर लॉट नंबर नसतो. बुडावर कारखान्याचा आकडा आणि सालाचे दोन अंक, एवढंच.

अल्बानियात काय केलं? पेट्या फोडल्या, डबे कापले, काडतुसं सुटी काढून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरली. यामागे दोन हेतू होते. पहिला म्हणजे लाकूड आणि पत्र्याचं वजन कमी झालं की विमानाचं भाडं वाचतं. दुसरा हेतू पेट्यांवरच्या चिनी अक्षरांचा. ती अक्षरं खरवडून काढायची कशी, यावरही त्यांच्यात ईमेल झाले होते. शेवटी पेट्याच टाकून दिल्या. म्हणजे ज्या आवरणाने ती काडतुसं चाळीस वर्षं जगवली, ते आवरण या मुलांनी लबाडी लपवण्यासाठी काढून फेकलं, आणि त्याबरोबर लॉट नंबरही गेला. मग हे काडतूस कोणत्या गोदामातलं, कोरड्या कोपऱ्यातलं की गळक्या छपराखालचं, हे जगात कोणालाच सांगता येणार नाही. अशा ढिगातून नमुना काढून काय कळणार? पुठ्ठ्याची खोकी अफगाणिस्तानात फुटून आली आणि तिथल्या पोलिसांच्या हातात सुटी काडतुसं पडली. बुडावरचा शिक्का मात्र कोणाला खरवडता आला नाही. तो वाचूनच पत्रकारांनी माल ओळखला.

चाप ओढल्यावर काडतूस उडालं नाही, किंवा क्षणभर थांबून उडालं, तर रेंजवर आम्ही बंदुकीचं तोंड निशाण्याच्या दिशेलाच ठेवून थांबतो. तिकडे समोर शत्रू उभा असतो. 'उडत होती की' असं म्हणताना हे लक्षात असू द्या.

कायद्याने पकडलं ते मात्र वेगळ्या जागी. प्रत्येक खेपेबरोबर पुरवठादाराला एक प्रमाणपत्र द्यावं लागतं, की माल कराराप्रमाणे आहे. त्यावर 'उत्पादक' हा रकाना असतो. एईवायने तिथे लिहिलं मेइको, तिराना, अल्बानिया. मेइको ही अल्बानियाची सरकारी शस्त्रविक्री कंपनी. तिने एकही काडतूस बनवलेलं नव्हतं, ती फक्त विकणारी. जून २००८ च्या आरोपपत्रात ७१ कलमं होती. त्यांतली ३५ खोट्या निवेदनाची, ३५ सरकारची मोठी फसवणूक केल्याची आणि एक कटाचं. 'आम्हाला कळलंच नाही' म्हणायलाही वाव नव्हता. एप्रिल २००७ मध्ये डिव्हेरोलीने स्वतः परराष्ट्र खात्याला ईमेल करून विचारलं होतं की जुना चिनी माल अल्बानियातून घेतला तर चालेल का. उत्तर आलं, त्याला राष्ट्राध्यक्षांची खास मंजुरी लागेल. म्हणजे नियम ठाऊक होता, तरी माल पाठवला.

चिनी माल अल्बानियात आला कुठून, हेही सांगतो. अल्बानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा याच्या राजवटीने १९६१ मध्ये मॉस्कोशी फारकत घेतली आणि चीनचा हात धरला. १९७८ मध्ये ते नातंही तुटलं, पण तोवर त्या चिमुकल्या देशात दारूगोळ्याचे डोंगर साचले होते. पुढे नाटो आणि खुद्द अमेरिकेचं परराष्ट्र खातं असला जुना साठा नष्ट करायला पैसे मोजत होतं. तेच डोंगर अमेरिकेचं संरक्षण खातं दुसऱ्या दाराने विकत घेत होतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. पोरांच्या वयात फार अडकू नका, असं मी मनापासून सांगेन. कंत्राटं सरकारी संकेतस्थळावर जाहीर होत होती, लहान कंपन्यांना संधी द्यायचं धोरण होतं, आणि डिव्हेरोली त्या जाहिराती वाचून किमान भाव काढण्यात वाकबगार होता. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते देणाऱ्याच्या बाजूला. कंत्राट देणाऱ्या लष्कराच्या रॉक आयलंड इथल्या कार्यालयाने जे मागितलं ते सोव्हिएत पद्धतीचं, म्हणजे अमेरिकन लष्कर स्वतः वापरत नाही असं. स्वतःच्या सैनिकांसाठी वय, साठवण, चाचणी यांचे काटेकोर नियम, आणि अफगाण शिपायासाठी 'वापरण्याजोगा असावा' एवढंच. वयाची अट नाही, स्वतंत्र चाचणीची अट नाही. आमच्याकडे असं स्पेसिफिकेशन कोणी टेबलावर ठेवलं असतं तर वरिष्ठांनी ते उघडलंही नसतं.

पूर्वकामगिरी पाहिली नाही का? पाहायला हवी होती. जून २००८ मध्ये हेन्री वॅक्समन यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने दाखवून दिलं की एईवायची आधीची किमान सात कंत्राटं वेगवेगळ्या सरकारी खात्यांनी रद्द केली होती किंवा काढून घेतली होती. इराकसाठीची १०,००० बेरेटा पिस्तुलं तिला पोचवता आली नव्हती. डिव्हेरोलीचं नाव परराष्ट्र खात्याच्या शस्त्रव्यापाऱ्यांवरच्या नजर-यादीत होतं. पण ५० लाख डॉलरच्या खालची कंत्राटं कामगिरीच्या नोंदवहीत चढवायचं बंधन नव्हतं. छोटी छोटी सात अपयशं त्या जाळीतून खाली पडली, आणि मोठं काम वर राहिलं.

आणि पोरं म्हटली तरी साखळीतले बाकीचे पोरसवदा नव्हते. माल मेइकोकडून थेट यायचा नाही. मध्ये सायप्रसची एव्हदिन नावाची कंपनी होती, तिच्यामागे हाइनरिश थोमेट हा मुरलेला स्विस दलाल. एव्हदिनला हजार काडतुसं २२ डॉलरला पडत आणि एईवायला ती ४० ला मिळत. दर दहा कोटी काडतुसांमागे १८ लाख डॉलर मधल्या मधे, माल जागचा न हलवता. हे पैसे नेमके कोणासाठी, हाच सवाल काडतुसं खोक्यांत भरण्याचं काम घेतलेल्या कोस्ता त्रेबित्स्का या अल्बानियन उद्योजकाने केला. लगेच त्याच्याकडून काम काढून घेतलं, आणि ते मिहाल देलियोर्जीच्या कंपनीकडे गेलं.

याच देलियोर्जीच्या कंपनीकडे तिरानाजवळ गर्देत्स गावात आणखी एक काम होतं: जुने तोफगोळे उघडून पितळ आणि दारू वेगळी करण्याचं. ते एईवायच्या कंत्राटाचा भाग नव्हतं, पण माणसं तीच, मेइको तीच, आणि साठाही तोच. आसपासच्या खेड्यांतली माणसं, बायका, मुलंसुद्धा तिथे हाताने ते काम करत होती. १५ मार्च २००८ ला ते सगळं उडालं. २६ माणसं गेली, ३०० हून जास्त जखमी झाली, शेकडो घरं कोसळली. संरक्षणमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. मेइकोचा प्रमुख युली पिनारी आणि देलियोर्जी यांना २०१२ मध्ये कैदेची शिक्षा झाली.

गर्देत्सबद्दल वाचताना मला पुलगाव आठवतं. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुनी स्फोटकं निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. तिथेही कंत्राटदारामार्फत आलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. दारूगोळा जुना झाला की कागदावर त्याची किंमत शून्य होते. हाताळणाऱ्याला मात्र तो नव्या मालापेक्षा धोकादायक असतो, म्हणून त्याला सर्वात अनुभवी हात लागतात. प्रत्यक्षात त्याला सर्वात स्वस्त हात लावले जातात. बत्तीस वर्षांत माझा जीव सगळ्यात जास्त तुटला असेल तर तो यावरच.

उरला शिक्षेचा प्रश्न. लष्कराने २५ मार्च २००८ ला एईवायला नवीन कंत्राटांसाठी अपात्र ठरवलं, दोन दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये सगळं छापून आलं. डिव्हेरोलीने २००९ मध्ये कटाचा एक आरोप कबूल केला, आणि अशा कबुलीत बाकीचे आरोप मागे घेतले जातात. म्हणून जानेवारी २०११ मध्ये चार वर्षं. पॅकूझला सात महिने घरात स्थानबद्धता. पैसा पुरवणारा युटाचा राल्फ मेरिल खटला लढला, दोषी ठरला आणि त्यालाही चारच वर्षं झाली. न्यायालयापुढे प्रश्न होता उत्पादकाच्या रकान्यातल्या खोटेपणाचा. माल अफगाण पोलिसाच्या हातात कसा वागला याचा, किंवा गर्देत्सचा, त्या खटल्याशी संबंध नव्हता. तुम्हाला शिक्षा कमी वाटते त्याचं कारण हे आहे, आणि मलाही ती कमीच वाटते.

कोस्ता त्रेबित्स्का यातलं काहीच पाहायला उरला नाही. पत्रकारांना आणि तपास करणाऱ्यांना सगळं सांगितल्यावर सप्टेंबर २००८ मध्ये, अल्बानियातल्या कोर्चे शहराजवळ, तो गाडीच्या अपघातात गेला. अल्बानियन सरकारने तो अपघातच ठरवला.