फेर धरायचा असतो

पोरी, पहिल्यांदाच आमच्यात आलीस म्हणून सांगते. काल तू म्हणालीस, ‘चला, फेर करू या.’ फेर करत नाहीत, धरतात. एकमेकींचे हात धरून गोल उभं राहिलं की झाला फेर, शब्दातच ते आलं. झिम्मा आणि टिपऱ्या खेळतात, फुगडी घालतात. फुगडी सहसा दोघींची, तिला फेर म्हणू नकोस. ‘फेरा’ म्हणजे नुसती एक चक्कर.

पुण्याकडच्या भोंडल्यात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. आपल्या जळगावकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईचा, म्हणजे पोरीबाळींच्या गाण्यांचा, सण असतो, तिची गाणी टिपऱ्यांच्या ठेक्यावर. निमंत्रणात भुलाबाईच्या जागी ‘भोंडला’ लिहिलेलं दिसलं की मला फार लागतं. आपलं नाव आपणच जपायला हवं ना!

आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अंगणात उभी राहशील, तेव्हा शेजारणीचा पंजा घट्ट धर, पण मनगट सैल ठेव. गाणं चढलं की पाय पळतात, आणि ताठ मनगटाचा हात सगळ्यात आधी सुटतो. दोन उंच पोरींच्या मधे शिरू नकोस, दोन गाण्यांतच खांदे भरून येतात.