पॅनेलवरचा तुझा नंबर पुसून टाक

प्रिय मित्रा,

वेल्डिंग लाइनच्या मेन पॅनेलच्या दारावर मार्करने तुझा मोबाइल नंबर लिहिलेला आहे, हे तू मला तक्रार म्हणून कळवलंस की अभिमानाने, ते पत्र दोनदा वाचूनही समजलं नाही. दोन्ही असावं. मेंटेनन्सच्या माणसाला दोन्ही एकाच वेळी वाटतं.

सेक्शन इनचार्जची जागा घ्यावी का, हा तुझा प्रश्न. आत्ताच रात्री दोन-अडीचला फोन येतात, मुलगी लहान, बायकोची नोकरी हिंजवडीला, घर मोशीला, प्लांट चाकणला. इनचार्ज झालास तर उरलीसुरली झोप जाईल, आणि नाही झालास तर तुझ्यामागून लागलेला कुणीतरी तुझ्या डोक्यावर येऊन बसेल. जागा घे. फोन काही हुद्दा बघून येत नाहीत, तुझ्यावाचून मशीन चालू होत नाही म्हणून येतात. हुद्दा नाकारलास तरी ते येणारच. म्हणून तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि पत्रभर तीच सांगत राहणार आहे: मशीन तुझ्यावाचून चालू झालं पाहिजे.

‘पण सर, टीम अजून तयार नाही’ हे वाक्य मला परत लिहू नकोस. टीम तयार नाही, कारण फोन केला की तू उचलतोस.

आधी एक वही कर. महिनाभर रात्री दहानंतर आलेला प्रत्येक फोन तिच्यात लिही: तारीख, मशीन, अलार्म नंबर आणि फोन का करावा लागला त्याचं कारण. कारणाचे रकाने चारच ठेव. माहिती नव्हती, पार्ट नव्हता, अधिकार नव्हता, खरोखर अवघड होतं. फोन ठेवल्या ठेवल्या लिहायचं. सकाळी लिहायला बसलास तर सगळेच अवघड वाटतात, कारण ते आपण सोडवलेले असतात. महिन्याने वही उघडलीस की चौथ्या रकान्यात फारसं काही सापडणार नाही, हे मी आत्ताच सांगतो.

तिसरा रकाना वाचून तुला राग येईल. रात्री स्टोअरची चावी सिक्युरिटीकडे, आणि ती द्यायला कुणाची तरी परवानगी लागते, म्हणून फोन. व्हेंडरचा माणूस बोलवायचा तर खर्च कोण मंजूर करणार, म्हणून फोन. कपलिंग आत्ता लाइन थांबवून बदलायचं की सकाळपर्यंत ढकलायचं, हे प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला ठणकावून सांगता येत नाही, म्हणून फोन. यात इंजिनिअरिंग कुठे आहे? यावर कितीही ट्रेनिंग दिलंस तरी उपयोग नाही, इथे कागद लागतो. रात्रपाळीच्या शिफ्ट इंजिनिअरने अमुक रकमेपर्यंत खर्च करावा, स्टोअर उघडावं, गरज पडल्यास लाइन थांबवावी, आणि खाली प्लांट हेडची सही. जागा स्वीकारण्याआधी हा कागद माग. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी माग: प्रॉडक्शन प्लॅनमध्येच छापलेले प्रत्येक लाइनचे आठवड्याचे मेंटेनन्सचे तास, आणि तुझ्या टेक्निशियनच्या पगारवाढीत तुझं मत. होकार दिल्यानंतर यातलं काहीही मिळत नाही. तेव्हा सगळे फक्त ‘अभिनंदन’ म्हणतात.

दुसरा रकाना पार्टचा. पार्ट स्टोअरमध्ये असतो आणि तरी नसतो. साधा प्रॉक्सिमिटी सेन्सर घे. जपानी मशीनवर बहुधा एनपीएन, युरोपियन मशीनवर पीएनपी, म्हणजे सिग्नल देण्याची पद्धत एकमेकांच्या उलट. दिसायला दोन्ही सारखे, वायरी त्याच: तपकिरी, निळी, काळी. रात्री घाईत पोरगा चुकीचा काढून आणतो, बसवतो, सेन्सरवरचा दिवा लागतो पण पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, इनपुट जात नाही. मग तो केबल तपासतो, कार्ड बदलायला निघतो, शेवटी तुला उठवतो. यावरचा उपाय काय, तर दोन वेगळ्या रंगांचे डबे आणि मशीनवर सेन्सरशेजारी त्याच रंगाची पट्टी. बस. महाग, बाहेरून येणाऱ्या पार्टची यादी मात्र वेगळी कर. एका रकान्यात पार्ट यायला किती आठवडे लागतात, दुसऱ्यात तो नसेल तर किती लाइन बंद पडतात. दोन्ही आकडे मोठे असतील तो पार्ट कपाटात हवाच. पर्चेसवाले ‘पडून राहील’ म्हणतील. विमा पडूनच राहिलेला बरा असतो, असं सांग त्यांना.

आता माहितीचा रकाना, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझा नंबर पॅनेलवर चढला तो यामुळेच.

तुमच्या फॅनुक रोबोटच्या बेसमध्ये बॅटऱ्या असतात. एन्कोडरची पोझिशन, म्हणजे रोबोटचा प्रत्येक सांधा कुठे आहे ते, त्या धरून ठेवतात. वर्षातून एकदा बदलायच्या, आणि बदलताना कंट्रोलर चालू ठेवायचा, इमर्जन्सी स्टॉप दाबून. नवा माणूस शहाणपणाने आधी मेन स्विच बंद करतो, कारण त्याला सगळीकडे तेच शिकवलेलं असतं, आणि बरोबरच शिकवलेलं असतं. पण इथे सप्लाय बंद असताना बॅटऱ्या काढल्या की पोझिशन जाते, मास्टरिंग करावं लागतं, म्हणजे रोबोटला त्याचं शून्य पुन्हा शिकवावं लागतं, पुढे वेल्डचे पॉइंट तपासत बसावं लागतं. एका ओळीची माहिती, आणि ती न मिळाल्याने अख्खी शिफ्ट जाते. ही ओळ तुझ्या डोक्यात आहे. रोबोटवर का नाही?

ड्राइव्हचंही तेच. जळालेला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह, बदलायला वेळ लागत नाही, वेळ जातो तो पॅरामीटर आठवण्यात: मोटरचा रेटेड करंट किती, वेग चढायला-उतरायला लागणारा रॅम्प टाइम किती, स्टार्टची कमांड टर्मिनलवरून की नेटवर्कवरून. ज्या दिवशी ड्राइव्ह ठणठणीत आहे त्याच दिवशी पॅरामीटर उतरवून घ्यायचे, एक छापील प्रत पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला, एक सर्व्हरवर. पीएलसीच्या प्रोग्रॅमचा बॅकअपही तुझ्या लॅपटॉपमध्ये नको. तिथे आहे म्हणजे तो फक्त तुझ्याकडे आहे. फाइलच्या नावात मशीन नंबर आणि तारीख घाल. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल नवीन २’ या फाइलींनी रात्रपाळीच्या पोरांचं काय होतं ते तुला माहीत आहे.

हे सगळं वन पॉइंट लेसनच्या एका कागदावर बसतं. एक मुद्दा, एक-दोन फोटो, पाच-सहा ओळी, मराठीत किंवा हिंदीत, टीमला वाचायला सोपं असेल त्यात. वीस पानांचं मॅन्युअल रात्री तीनला कुणी उघडत नाही. आठवड्याला असे दोन कागद निघाले तरी वर्षात शंभर होतात.

तुमच्याकडचे जुने फिटर लिहून देणार नाहीत. त्यांना लिहायला सांगणं हा त्यांचा अपमान आहे, ते फक्त तो बोलून दाखवत नाहीत. डिप्लोमाचा अप्रेंटिस त्यांच्याशेजारी बसव. काका बोलतील, हाताने दाखवतील, पोरगा फोटो काढेल आणि लिहील. कागदाच्या खाली नाव काकांचं. वयाने दुप्पट माणसाला हुकूम देऊन तू साहेब होणार नाहीस. त्यांच्या नावाचा कागद मशीनवर लागला तर ते स्वतःहून आणखी दहा सांगतील.

मग स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं मशीन किती येतं त्याची चौकट. ती तुमच्याकडे भिंतीवर आहेच, ऑडिटसाठी. चार पातळ्या: पाहिलंय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, शिकवू शकतो. ती खरी भर. प्रत्येक महत्त्वाच्या मशीनला ‘एकटा करतो’ पातळीचे चार जण हवेत: तीन पाळ्यांना तीन, सुट्टी-रजेला चौथा. जिथे एकच नाव आहे तिथे लाल खूण कर. आणि ते नाव तुझं असेल तर दोनदा कर. मशीन तुझ्यावाचून चालू झालं पाहिजे.

फोनचा क्रम ठरवून दे. पहिली १५ मिनिटं टेक्निशियन स्वतः: अलार्म नंबर बघणार, शेवटचं काय बदललं ते लॉगबुकात बघणार, रिसेट जास्तीत जास्त दोनदा. ओव्हरलोडवर ट्रिप झालेली मोटर पुन्हा पुन्हा रिसेट करून चालवली की वाइंडिंग जळतं, आणि पंधरा मिनिटांचा ब्रेकडाउन दोन दिवसांचा होतो. त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत शिफ्ट इंजिनिअर. अर्ध्या ते एक तास, त्या आठवड्याचा ऑन-कॉल माणूस. आठवडे आळीपाळीने, आणि तुझाही आठवडा त्यातच. तासाभरानंतर तू. फोन करणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या: अलार्म काय, आधी काय बदललं होतं, काय काय करून पाहिलं. तीन गोष्टी तयार नसतील तर ‘बघून परत कर’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. अपवाद फक्त अपघात, आग, किंवा मशीनच्या गार्डचा, म्हणजे सुरक्षा कुंपणाचा, सेफ्टी स्विच बायपास करून लाइन चालवायचा दबाव. अशा वेळी पहिल्या मिनिटाला तुलाच फोन, आणि तिसऱ्या बाबतीत उत्तर ठरलेलं: नाही.

खात्याचं एक सिम घे, ते ऑन-कॉल माणसाबरोबर फिरेल. त्याचा नंबर पॅनेलवर रंगवून घे. तुझा नंबर थिनरने पूस.

घरून लॅपटॉपवर पीएलसीला जोडून देतो म्हणून आयटीवाले मागे लागले असतील. घेऊ नकोस, निदान स्वतःसाठी नको. झोपेतून उठून समोर न दिसणाऱ्या मशीनचं आउटपुट तू फोर्स करणार, म्हणजे जबरदस्तीने चालू करणार, आणि गार्डच्या आत कुणी आहे का हे तुला दिसत नाही. शिवाय ही सोय एकदा झाली की टीम पॅनेलपर्यंत चालत जाणंही सोडते.

हे सगळं वाचून तुला वाटेल, हा माणूस हात झटकायला शिकवतोय. माझ्याबद्दल हे पूर्वीपासून बोललं जातं, की साहेब फोन उचलत नाहीत. बोलू देत. साहेब सहज सापडत नाही अशा खात्यात पोरं लवकर तयार होतात, हे माझं मत आहे आणि ते बदलायचा माझा विचार नाही. लाइन कधी एखादा तास जास्त बंद राहते. तो तास मी ट्रेनिंगच्या खर्चात धरतो. प्रॉडक्शनवाले धरत नाहीत, पण त्यांचं कामच ते आहे. पडलेल्या लाइनवर धावत जाऊन ती चालू करणाऱ्याला मीटिंगमध्ये टाळ्या मिळतात, आणि जिच्यावर धावावं लागलंच नाही त्या लाइनची कुणी दखल घेत नाही. दखल हवी असेल तर आकडा ठेव: दर महिन्याला एमटीटीआर, म्हणजे बिघाड दुरुस्त व्हायला लागलेला सरासरी वेळ, आणि त्याच्या शेजारी ‘इनचार्जला न विचारता सुटलेले ब्रेकडाउन’. अप्रेझलला हा कागद पुढे कर. नव्या लाइनच्या प्रोजेक्टवर कुणाला पाठवायचं असा प्रश्न येतो तेव्हा प्लांट हेड एवढंच बघतो, की हा गेला तर इथलं चालेल का. चालणार नसेल तर तू कितीही हुशार अस, दुसऱ्याचं नाव जातं. म्हणजे घरासाठी जे करायचं तेच बढतीसाठीही करायचं आहे. तुला ही दोन वेगळी ओझी वाटतात, त्याची मला खरंच चीड येते.

सकाळच्या मीटिंगमध्ये ‘मेंटेनन्समुळे’ हा शब्द रोज ऐकू येईल. माणसाचं नाव मीटिंगमध्ये द्यायचं नाही, ‘आमच्याकडून राहिलं’ एवढंच. बाहेर आल्यावर व्हाय-व्हाय करायचं, म्हणजे पाच वेळा ‘का’ विचारत मूळ कारणापर्यंत जायचं, पण पाचव्या ‘का’ला ‘ऑपरेटरची चूक’ हे उत्तर आलं तर ते मोडीत काढ. रोज एक तास स्वतः लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, वाच किंवा एखादं ड्रॉइंग बघ. इनचार्ज झाल्यावर हे सुटलं की परत येत नाही, आणि मग पोरं आदर ठेवतात पण विचारायला येत नाहीत.

घराचं. तुमच्याकडे सुट्टी गुरुवारी, मुलीची शाळा सुरू झाली की तिची रविवारी. आणि गुरुवारी लाइन बंद, म्हणून मेंटेनन्सची सगळी मोठी कामं गुरुवारीच. म्हणजे कागदावरची सुट्टी तुझी कधीच नसते. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराचा आठवडा ४८ तासांवर बांधला, पण देखरेखीच्या हुद्द्यावरच्यांना त्या मर्यादेतून वगळायची वाटही त्यातच ठेवली. इनचार्ज झालास की तुझे तास कुणी मोजणार नाही, तूच मोज. गुरुवारी केलेल्या कामाचा सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, साचवू नकोस. महिन्याचे दोन रविवार वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर टाक आणि ते प्रॉडक्शनच्या इनचार्जलाही दिसू दे. बायकोशी ‘बघू, जमलं तर’ या भाषेत बोलणं बंद कर. ऑन-कॉलचा आठवडा कुठला आणि मोकळे आठवडे कुठले, हे तिला तारखेनिशी दे. तिचीही नोकरी आहे, तिलाही आखणी करायची असते.

दिवाळीचा शटडाउन तुझी पहिली परीक्षा. कामांची यादी सहा-आठ आठवडे आधी बंद झाली पाहिजे, नाहीतर पार्ट येत नाहीत आणि सगळे शटडाउनभर नुसते पॅनेल साफ करत बसतात. ड्युटीचा तक्ता त्याच्याही आधी लाव: लक्ष्मीपूजनाला कोण, पाडव्याला कोण, भाऊबीजेला कोण. विदर्भातली आणि बिहारकडची पोरं रेल्वेने जातात, आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तक्ता त्यानंतर लागला तर त्यांच्या दृष्टीने तो लागलाच नाही. तुझं नाव त्यात एकाच दिवशी असू दे, आणि तो दिवस लक्ष्मीपूजनाचा घे, कारण तो दुसऱ्या कुणाला नको असतो. बाकीच्या दिवशी जे उभे राहतील त्यांच्याकडे आधी सांगितलेला सहीचा कागद हवा. तक्ता झाला की फोटो पाठव, कुणाचं नाव दोनदा आलंय ते मी बघून सांगतो.

घरी सगळ्यांना नमस्कार. मुलीला गोड पापा.