कंट्रोलचं हृदय वगळू का, म्हणे!

तुझा रात्री अडीचचा मेल सकाळी चहाबरोबर वाचला. लगेच उत्तर दिलं नाही कारण चिडले होते आणि चिडून लिहिलं की मी वाट्टेल ते लिहिते, तुला माहितीये. तर प्रकार असा, मायोकार्डायटिसच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या, पेशंटच्या बायॉप्सीत तुला पार्वोव्हायरस बी१९ या विषाणूचा डीएनए मिळाला, आनंदीआनंद, मग कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेला, अपघातात गेलेल्यांच्या हृदयाचे तुकडे टेस्टला लावलेस तर त्यातही मिळाला, आणि सर म्हणतायत कंट्रोल कंटॅमिनेट झाले असतील, बाहेरचा डीएनए मिसळला असेल, सोडून दे, पेपर लिहायला घे. आणि तू मला विचारतेस काय करू. हे विचारायचं असतं का गं?

कंटॅमिनेशनची शंका आहे ना, मग तपास. डीएनएऐवजी नुसत्या पाण्याची ट्यूब टेस्टला लाव, डीएनए दुसऱ्या खोलीत दुसऱ्याच माणसाकडून काढून घे. पाणी स्वच्छ आलं आणि कंट्रोल तरीही पॉझिटिव्ह, तर तीच तुझी फाइंडिंग आहे बाई.

या विषाणूला बी१९ नाव कसं पडलं माहितीये? १९७५ साली लंडनमध्ये हिपॅटायटिस बी ची टेस्ट करताना बी पॅनेलमधल्या १९ नंबरच्या सीरममध्ये तो सापडला, आणि ते सीरम रक्तदात्याचं होतं, चांगल्या धडधाकट माणसाचं! लहानपणी गाल लाल करून जातो तो ताप, पण डीएनए पुढे आयुष्यभर शरीरात पडून राहू शकतो, हृदयातसुद्धा. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूसारखा. चोरी झाली की तो घरात होता म्हणून त्यालाच धरायचं? कॉक्सॅकी बी३ या दुसऱ्या विषाणूची गोष्ट वेगळी, त्याचं २ए प्रोटिएज हे प्रथिनं कापणारं एन्झाइम हृदयाच्या पेशीला आधार देणारं डिस्ट्रॉफिन कापतं हे १९९९ मध्ये दाखवलंय, तिथे हत्यार सापडलंय. तुझ्याकडे नुसती हजेरी आहे. म्हणून म्हणते, कंट्रोल.

१९९५ ची ती मायोकार्डायटिस ट्रीटमेंट ट्रायल परत वाच. १११ पेशंट. इम्युनोसप्रेशन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइडसारखी औषधं, दिलेल्यांचा इजेक्शन फ्रॅक्शन, हृदय एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, सरासरी १० पॉइंटनी वाढला. टाळ्या! पण न दिलेल्यांचाही ७ नी वाढला, फरक धरण्यासारखा नाही. तो दुसरा गट नसता तर जगभर सगळ्यांनाच स्टेरॉइड सुरू झाले असते. कंट्रोल, कंट्रोल, कंट्रोल. कंटाळलीस तरी चालेल.

आता माझं सांगते. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य कॉपी काढून तो ओळखायची टेस्ट, नवीन होता तेव्हा आम्ही आजाराने फुगून मोठ्या झालेल्या हृदयांमध्ये एन्टेरोव्हायरस, कॉक्सॅकीच्या कुळातले विषाणू, शोधला, मिळाला, पेपर छापला. नॉर्मल हृदय एकही नव्हतं. का, तर त्यासाठी पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर उभं राहून रडणाऱ्या नातेवाइकांकडे परवानगी मागावी लागते आणि माझी छाती झाली नाही. एका कॉन्फरन्समध्ये मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, नॉर्मल हार्ट कुठंय, मी म्हटलं एथिकल अडचण आहे. अडचण कसली, मी घाबरट होते. काही वर्षांनी कंट्रोल लावले तेव्हा त्यातही तोच बँड, विषाणू असल्याची तीच खूण, आला, आमच्याच लॅबमध्ये उडालेला डीएनए. दुरुस्ती मी छापली नाही. तो पेपर अजून कुणीकुणी साइट करतं आणि नोटिफिकेशन आलं की पोटात गोळा येतो.

त्यानंतर मी हट्टी झाले. एका सहकाऱ्याचं काम कंट्रोलसाठी दोन वर्षं अडवून धरलं, त्याचं प्रमोशन गेलं, तो माझ्याशी बोलत नाही. लोक म्हणाले मॅडमना अडवायलाच आवडतं. बोलायची पद्धत चुकली असेल, अडवणं चुकलं नाही. दोन वर्षं गेली म्हणतात, पण खोटा पेपर किती वर्षं टिकतो ते मला विचारा ना.

आणि हे फक्त पेपरपुरतं नाहीये. बायॉप्सीत विषाणू आहे म्हटलं की कार्डिऑलॉजिस्ट स्टेरॉइडला हात लावायला कचरतो, प्रतिकारशक्ती दाबली तर विषाणू माजेल म्हणून. इटलीतल्या २००९ च्या ट्रायलमध्ये विषाणू नसलेल्या ८५ पेशंटवर काम झालं, प्रेडनिसोन आणि अझाथायोप्रिन मिळालेल्यांचं हृदय खरंच सुधारलं. तू एखाद्याच्या रिपोर्टवर त्या जुन्या भाडेकरूचं नाव चिकटवलंस तर त्याचं औषध थांबतं. तो साताऱ्याचा पोरगा तूच सांगितला होतास ना, दम लागतो म्हणून आलेला?

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहून थांबू नकोस, विषाणूच्या डीएनएच्या कॉपी किती ते मोज, पेशंट आणि कंट्रोल दोन्हीत. विषाणूचा आरएनए तयार होतोय का, म्हणजे तो जागा आहे का बघ, नुसता डीएनए झोपलेलाही असू शकतो. टी सेल, सूज असली की जमणाऱ्या प्रतिकाराच्या पेशी, मोज. आणि स्लाइड स्वतः बघ, हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात बसतो, तिथे सूज आहे की नाही हे तुझ्या डोळ्यांनी दिसायला हवं.

सरांशी भांडू नकोस, ते वाईट नाहीयेत, ग्रँट संपत आलीये त्यांची. पेशंट आणि कंट्रोल असा दोन कॉलमचा तक्ता करून समोर ठेव आणि गप्प बस. मी त्यांना फोन करणार नाही, मागू नकोस.

शनिवारी ये, स्लाइडचा डबा घेऊन, लॅपटॉप राहू दे. आणि तुमचा उणे ऐंशीचा फ्रीजर डीफ्रॉस्ट करायचाय म्हणत होतीस, ते कंट्रोलचे तुकडे आधी दुसरीकडे हलव, आजच.