कॅपखालचा आधार: चांदी, सिमेंट की कॉम्पोझिट?

प्रश्न: माझ्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल नुकतेच पूर्ण झाले असून दाढेची एक बाजू किडीने पूर्ण गेली आहे. डॉक्टर कॅप बसवण्यापूर्वी आत कॉम्पोझिटचा (दाताच्या रंगाच्या, राळेपासून बनवलेल्या पदार्थाचा) गाभा उभारणार आहेत. वडिलांच्या दाढेत मात्र चांदी भरली होती आणि ती वीस वर्षे टिकली. मग चांदीच अधिक मजबूत नाही का? — एक वाचक, सातारा

उत्तर: केवळ दाब सोसण्याची ताकद पाहिली, तर आपले म्हणणे बरोबर आहे. चांदी म्हणजे अमाल्गम (चांदी, पारा इत्यादींचे मिश्रण) पूर्ण घट्ट झाल्यावर साधारणपणे 400 मेगापास्कलच्या (दाब मोजण्याचे एकक) आसपास दाब सोसते. कॉम्पोझिट 200 ते 300 किंवा त्याहून थोडे अधिक, तर साधे ग्लास आयनोमर सिमेंट बहुधा 100 ते 200 इतकाच. ओढीचा ताण सोसण्यात अमाल्गम आणि कॉम्पोझिट जवळपास बरोबरीचे ठरतात आणि सिमेंट फारच मागे पडते. म्हणून सिमेंट लहान खळगा बुजवायला चांगले असले, तरी एक भिंत गेलेल्या दाढेचा संपूर्ण गाभा त्याचा करणे मला योग्य वाटत नाही.

परंतु प्रयोगशाळेतले हे आकडे सुट्या नमुन्यांचे असतात, तोंडात मात्र गाभा आणि दात मिळून चावतात. अमाल्गम दाताला चिकटत नाही. ते खाचांमध्ये अडकून राहते, आणि त्या खाचा करण्यासाठी उरलासुरला निरोगी दातही कोरावा लागतो. शिवाय ते घट्ट होण्यासाठी सहसा एक दिवस थांबून मगच कॅप बसावी म्हणून दात बाजूंनी कोरून आकार देतात. कॉम्पोझिट दाताला चिकटते, त्याची लवचिकता डेंटिनच्या (दाताच्या वरच्या कठीण थराखालच्या भागाच्या) बरीच जवळ असते आणि त्याच बैठकीत पुढचे काम करता येते. मात्र त्याला काटेकोर कोरडेपणा लागतो. लाळ लागली, किंवा रूट कॅनालमध्ये वापरलेल्या युजेनॉलयुक्त (लवंग तेलातील घटक असलेल्या) सिमेंटचा अंश भिंतींवर राहिला, तर ती पकड बिघडते. म्हणूनच दाताभोवती रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबराचा पडदा) लावून काम करणाऱ्या डॉक्टरांचा मला विशेष आदर वाटतो.

खरा प्रश्न उरलेल्या दाताचा आहे. रीह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली काढलेल्या उपदाढांवर मोजमाप केले, तेव्हा रूट कॅनालसाठी केलेल्या छिद्रामुळे दाताचा ताठपणा सुमारे 5 टक्केच घटला, पण दोन्ही बाजूंच्या कडा गेल्यावर तो 63 टक्के घटला. त्यामुळे गाभ्याच्या खाली, हिरडीच्या वर, दाताचा स्वतःचा सुमारे 2 मिलिमीटर उंचीचा पट्टा सभोवार उरला आहे का आणि कॅप त्याला वेढून बसणार आहे का, हे आपण डॉक्टरांना अवश्य विचारावे. तो पट्टा असेल, तर कॉम्पोझिटचा निर्णय मला पटतो. नसेल, तर गाभ्याचा पदार्थ बदलून काही साधणार नाही. हिरडीची कड शस्त्रक्रियेने खाली घेऊन दात उघडा करता येईल का, याचा विचार कॅपचे माप घेण्याआधी व्हायला हवा.