नुसता हात धरून हलवल्यानं खांदा सुटेल का?

प्रश्न : माझं वय ५४, डायबेटिस आहे. चार महिन्यांपासून उजवा खांदा धरलाय. वेणी घालता येत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत. डॉक्टरांनी एक्स-रे काढून फ्रोझन शोल्डर असल्याचं सांगितलं. फिजिओथेरपिस्ट मला झोपवून दंड धरतात आणि हळूहळू हलवत राहतात. यानं खरंच फरक पडतो का? जाऊबाई म्हणतात, हाडवैद्य एका झटक्यात मोकळा करेल.
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, झटक्याच्या वाटेला अजिबात जाऊ नका. भूल देऊन सांधा सोडवतात, पण ते काम ऑर्थोपेडिक सर्जनचं, आणि तिथंही दंडाचं हाड मोडायची भीती असतेच.

तुमच्या खांद्याभोवतीचं आवरण जाड होऊन आखडलंय. डायबेटिसमध्ये हे जास्त दिसतं. हात वर जाताना दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीत जरा खाली सरकावा लागतो. तो सरकला नाही की खांदा कानाकडे चढतो. आरशासमोर हात उचलून बघा. हे सरकणं तेवढंच वेगळं करून आपलं आपल्याला जमत नाही, म्हणून दुसऱ्याचे हात लागतात.

ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी या हालचालींना ग्रेड लावून दिले. पहिला-दुसरा हलका, दुखणं शमवायला. तिसरा-चौथा ताठरपणाच्या हद्दीपर्यंत जाणारा. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर तुमचे थेरपिस्ट हात हलका ठेवतात ते योग्यच आहे. दुखणं उतरल्यावर मी तळवा खांद्याच्या पुढच्या बाजूला ठेवून दंडाच्या हाडाचा माथा मागे, गादीकडे दाबते. पेशंट विचारतात, हात बाहेर वळत नाही तर मागे का दाबता? पण नेमकं त्यानंच बाहेर वळणं सुधारताना मी पाहते.

मिळालेली हालचाल त्याच दिवशी वापरा. पाठीवर झोपून, कोपर अंगाला चिकटवून, दोन्ही हातांत काठी धरा आणि डाव्या हातानं उजवा बाहेर ढकला. हे घरी केलं नाही तर थेरपिस्टची मेहनत फुकट जाते, हे मी कळकळीनं सांगते. साखरही आटोक्यात हवी.

हाडं ठिसूळ असतील, पूर्वी कॅन्सर झाला असेल, दुखणं पडल्यावर सुरू झालं असेल किंवा ताप येत असेल, तर ते थेरपिस्टना आधी सांगा. हात बाहेर किती वळतो ते दर आठवड्याला मोजून लिहायला सांगा. दीड महिन्यात आकडा हललाच नाही, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.